काऊन की कौन

प्रणाली,

तू त्या शेवटच्या ओळीत ‘काऊन’ लिहिलंस की ‘कौन’, हे मला अजून कळलेलं नाही. इंग्रजी अक्षरांत दोन्ही सारखेच दिसतात. के, ए, यू, एन. तू शेजारी असतीस तर मी नुसतं विचारलं असतं, तू फुटाणे खाता खाता सांगितलं असतंस, आणि वर म्हणाली असतीस, "इतकं बी नाई समजत काय वं तुले?" आता तो शब्द लॅबमधल्या स्क्रीनवर आहे, मी समोर आहे, आणि विचारायला कोणी नाही.

विभागाच्या वार्षिक अंकासाठी सरांनी तुझ्यावर लिहायला सांगितलं. "गाव, शिक्षण, स्वभाव, असं थोडक्यात," ते म्हणाले. मी बसले. ‘प्रणाली मनमिळाऊ स्वभावाची होती’ असं लिहिलं आणि थांबले, कारण तू मनमिळाऊ नव्हतीस. मेसच्या भाजीपासून कोडमधल्या स्वल्पविरामापर्यंत तू प्रत्येक गोष्टीवर भांडायचीस. तुझ्याबद्दल चांगलं बोलायचं म्हणून खोटं लिहिणं मला जमेना. म्हणून तुलाच लिहिते. बाकीच्या वाचणाऱ्यांना समजावं म्हणून तुला माहीत असलेल्या काही गोष्टी पुन्हा सांगाव्या लागतील. तेवढं चालवून घे.

लॅबच्या कोपऱ्यात तो जुना कॉम्प्युटर आहे. त्याला मेमरी कार्ड वाचायचं एक यंत्र जोडलेलं आहे आणि त्यात एक कार्ड कायम घातलेलं असतं. कॉम्प्युटर आपल्या आत काय काय घडतंय त्याच्या नोंदी ठेवतो, त्याला लॉग म्हणतात. त्या लॉगमध्ये या कार्डाच्या त्याच त्या ओळी येत राहायच्या. कार्ड आहे. इतकी जागा आहे. लिहायला मोकळं आहे. थोडं थांबून पुन्हा: कार्ड आहे, इतकी जागा आहे, लिहायला मोकळं आहे. कार्डाला कोणी हातही लावलेला नसायचा.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला कोणी हजेरीचं ॲप घेतलं, कोणी कपाशीवरचे रोग ओळखायचं. आपण दोघी उशिरा पोचलो, तेव्हा सरांकडे ही बडबड उरली होती. सर म्हणाले, "यंत्र बिघडलेलं नाही. ते खोटंही बोलत नाही. ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतं. का, ते शोधा आणि दुरुस्त करा." यंत्र आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये दुभाष्यासारखा एक छोटा प्रोग्राम असतो, ड्रायव्हर. दोष त्यात होता. तो ड्रायव्हर ठिकठिकाणचे लोक मिळून सांभाळतात. कोणीही दुरुस्ती पाठवू शकतं, आणि तपासणाऱ्यांना पटली तर ती घेतली जाते आणि पाठवणाऱ्याचं नाव त्या कोडच्या इतिहासात राहतं.

हे ऐकल्या ऐकल्या तू जिन्यात उभी राहून घरी फोन लावला होतास. "आई, मायं नाव जगातल्या सगळ्या कॉम्प्युटरात लागन."

मी शेजारून म्हणाले, "नाव कॉम्प्युटरात नाई जात वं. फक्त इतिहासात राह्यते."

तू फोनवर हात ठेवलास. "तिले इतिहास कायले सांगू? त्याच विषयात दहावीले मी मरता मरता वाचली."

मला तेव्हा खूप हसू आलं होतं. आता हे वाक्य लिहिताना ते का आलं होतं तेही नीट आठवत नाही.

पहिल्या वर्षी मी वर्गात शेवटच्या बाकावर बसायची. आमच्या रोहण्यातून, आमच्या घरातून तर नक्कीच, कॉलेजात आलेली मी पहिली. सर इंग्रजीत काही विचारायचे, मला उत्तर यायचं, आणि तोंडातून निघायचं नाही. तू पुढून मागं वळून माझ्या वहीत डोकावायचीस आणि माझं उत्तर मोठ्यांदा सांगायचीस, चुकीच्या इंग्रजीत, न लाजता. मी एकदा चिडले. तू म्हणालीस, "तुले येते पन तू बोलत नाईस. मले येत नाई पन मी बोलतो. दोघी मिळून एक पुरी इंजिनियर होते. कायले चिडते?" त्यानंतर आपण सिंदी मेघेला एकत्र खोली घेतली. तुझ्यामुळे मी बोलायला शिकले, असं म्हणतात तसं झालेलं नाही. मी अजूनही अडखळते. पण अडखळत का होईना बोलायचं असतं, हे मी तुझ्याकडून घेतलं. आता ते कोणाला सांगायचं म्हणून तुला सांगते.

आमच्या बाबांना आपला प्रोजेक्ट काय आहे ते मला सांगता येत नव्हतं. तू रोहण्याला आलीस तेव्हा तूच सांगितलंस. बाबांनी विहिरीच्या मोटरीला मोबाइल स्टार्टर बसवला आहे. शेतात लाइट आली की तो त्यांना फोन करून कळवतो. लाइट लपंडाव खेळते तेव्हा तो दर थोड्या वेळानं फोन करत सुटतो.

"बाबा, तुमचा स्टार्टर कसा डोकं खाते? तसाच एक आमच्या कॉलेजात हाय," तू म्हणालीस.

"मी तं आता उचलतच नाई त्याचा फोन," बाबा म्हणाले.

"हेच. म्हून तं दुरुस्त करून राह्यलो. तुम्ही उचलनं सोडलं अन् एखाद्या दिवशी मोटर जळाली म्हून फोन आला, तं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "हे असं सांगाचं ना मंग. तू तं काय लॉग लॉग करून राह्यली होती."

त्या दिवशी मला आपल्या कामाचा अर्थ पहिल्यांदा नीट कळला. खोटी ओळ एकही नव्हती, पण त्या सगळ्या खऱ्या ओळींच्या ढिगात एखादी महत्त्वाची ओळ आली असती तर कोणी पाहिलीच नसती.

ड्रायव्हरचं कोड लांबलचक होतं. कुठून काय होतं ते कळावं म्हणून त्यात जागोजाग आपल्या ओळी पेरायच्या, मग लॉगमध्ये त्या कोणत्या क्रमानं येतात ते पाहायचं, ही साधी पद्धत. सगळे इंग्रजीत लिहितात, ‘हिअर वन’, ‘हिअर टू’. तू वऱ्हाडीत लिहायचीस, इंग्रजी अक्षरांत. ‘आली वो माय.’ ‘इथून गेली.’ मी म्हणाले सर रागावतील. तू म्हणालीस, "इंग्रजीत लिवलं तं त्या बाकीच्यायत हरवते. आपली ओळ आपल्याले दुरून ओळखू आली पायजे." आणि जिथे ड्रायव्हर त्या तीन ओळी पुन्हा सांगायला लागतो, बरोबर त्याच्या आधी तू लिहिलं होतंस, ‘काऊन’. म्हणजे का. का सांगतोस पुन्हा.

आपल्या वर्गातला अंकित घरी हिंदी बोलतो. तो मागून स्क्रीन वाचत उभा राहिला. "ये ‘कौन’ किससे पूछ रही है तू?"

"कौन नाई बे. काऊन. व्हाय."

"तो व्हाय लिख ना. मैं तो सोचा पूछ रही है, कौन है, कौन है. जैसे दरवाज़े पे कोई आया हो."

तू त्याला दोन शिव्या दिल्यास आणि तो गेला. पण माझ्या डोक्यात ते अडकलं. ड्रायव्हर आपणहून तोंड उघडत नाही. कोणीतरी त्याचं दार वाजवतं, मग तो बोलतो. मी म्हणाले, "अंकितचं बरोबर हाय वं. कोण इचारून राह्यलं ते पाहू." मग आपण येणाऱ्या प्रत्येकाचं नाव छापून पाहिलं. निघाला तो एक साधा प्रोग्राम, सगळ्या डिस्कांची, कार्डासकट, तब्येत पाहणारा. तो दर थोड्या वेळानं प्रत्येकीकडे जाऊन विचारत होता, ठीक आहेस ना. आणि ड्रायव्हर प्रत्येक वेळी कार्डाची सगळी माहिती नव्यानं वाचून, लॉगमध्ये पहिल्यापासून म्हणून दाखवत होता.

इथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते संपलेलं नाही.

मी म्हणत होते, विचारणारा सापडला, त्याला सांगू की या कार्डाकडे जाऊ नको. एका ओळीचं काम. तू म्हणत होतीस, आज हा विचारतो, उद्या दुसरा येईल, कोणाकोणाला थांबवशील? ड्रायव्हरलाच कळलं पाहिजे की हे आपण आधी सांगितलं आहे. मी ‘कोण’ला धरून बसले, तू ‘काऊन’ला. खोलीवर, मेसमध्ये, बसस्टॉपवर. मेसवाल्या काकू एकदा म्हणाल्या, "भांडता कायच्यावरून ते तरी सांगा, आमी बी भांडू."

एक दिवस तू पोळी तोडता तोडता म्हणालीस, "आई रोज फोन करते. रोज इचारते, जेवली काय. मी रोज हो म्हंतो. बरोबर?"

"बरोबर."

"तिनं इचारनं बंद कराचं काय?"

"नाई."

"मंग मी हो म्हननं बंद कराचं काय?"

"नाई."

"पन मी जेवली हे अल्लीपुरात दवंडी पिटून रोज सांगाचं काय? जेवली नाई, त्या दिवशी सांगा. इचारनाऱ्याले उत्तर रोज द्याचं. लॉगमंधी लिवाचं ते बदललं तं."

तू जिंकली होतीस आणि मला ते दिसत होतं. पण मी मान्य केलं नाही, कारण तू इतकी खूश होऊन पोळी खात होतीस की मला राग आला. पुढं कधीतरी म्हणीन असं वाटलं.

तू कोड लिहिलंस. ड्रायव्हरजवळ एक खूण ठेवायची: पहिली वेळ आहे का? असेल तर सांग आणि खूण पुसून टाक. नसेल तर गप्प बस. लॉग शांत झाला. आपण दोघी त्या शांत स्क्रीनकडे पाहत राहिलो. मग मी कार्ड काढलं आणि माझ्या फोनमधलं दुसरं कार्ड घातलं. लॉग शांतच. नवीन कार्ड, वेगळी जागा, आणि ड्रायव्हर एक शब्द बोलला नाही, कारण त्याच्या लेखी पहिली वेळ होऊन गेली होती.

"हे पाय," मी म्हणाले. "आता हा बदललं तरी सांगत नाई."

तू बॅग उचललीस. "पाहू वं सोमवारी. अंग दुखून राह्यलं मायं."

ते शुक्रवारी. मी रोहण्याला गेले. शनिवारी तू लॅबमध्ये थोडा वेळ एकटी बसलीस असं अंकितनं नंतर सांगितलं, आणि मग अल्लीपूरला घरी गेलीस. ताप होता. सोमवारी आली नाहीस. फोनवर म्हणालीस, उतरला. मग पुन्हा चढला. मग दवाखाना. त्यापुढचं मी इथे लिहीत नाही. मला ते क्रमानं सांगता येत नाही, आणि तुला सांगून काय करू.

मी लॅबमध्ये परत गेले तेव्हा तुझं शनिवारचं काम उघडं होतं. तू एकच ओळ वाढवली होतीस. ‘के, ए, यू, एन.’ बाकी काही नाही. पण ती तुझ्या नेहमीच्या जागी नव्हती. ड्रायव्हर जिथे बोलतो तिथे नव्हती. ती दारात होती, जिथून येणारा प्रत्येक जण आत शिरतो, जिथे मी ‘कोण’ शोधलं होतं.

म्हणजे तू माझ्या जागी जाऊन माझा प्रश्न विचारत होतीस? अंकितचा तो ‘कौन’ मला चिडवायला उचलला होतास? मग तू माझं म्हणणं थोडं तरी मानलं होतंस, आणि मी तुझं मानलेलं सांगायचं राहून गेलं. की तो तुझा नेहमीचाच ‘काऊन’ होता, आणि नवीन कार्डाचं कोडं सोडवायला तू तो नुसता दुसरीकडे लावून पाहत होतीस? मी प्रोग्राम पुन्हा पुन्हा चालवला. लॉगमध्ये तो शब्द येत राहिला. मी तो कधी असा वाचला, कधी तसा. काही वेळानं तो शब्दच वाटेनासा झाला.

तुझ्या आईचे फोन यायला लागले. त्यांच्याकडे आता तुझाच फोन असतो, त्यामुळे माझ्या स्क्रीनवर तुझं नाव येतं. पहिल्यांदा आलं तेव्हा मी हातातला चहा सांडला. काकू जास्त बोलत नाहीत. माझं जेवण झालं का विचारतात, आणि मग विचारतात, "तिचं नाव लागलं काय वं?"

मी सांगते, "अजून नाई, काकू."

पुढच्या वेळी तेच, आणि माझंही तेच. त्यांना घाई आहे असं आवाजावरून वाटत नाही. कदाचित त्यांना विचारायचं असतं इतकंच. पण मला प्रत्येक वेळी नवीन विचारल्यासारखं लागायचं, कारण नाव लागायचं असेल तर तुझं कोड पाठवायला हवं, आणि तुझ्या कोडात चूक होती. जसंच्या तसं पाठवलं तर तुझ्या नावावर चूक जगाला दिसणार. मी दुरुस्त केलं तर ते तुझं राहणार का? तू असतीस तर माझ्या एका ओळीवरही भांडली असतीस. तुला विचारल्याशिवाय मी तुझ्या कोडात हात घातला नव्हता कधी.

तुझी खोलीवरची बॅग द्यायला मी अल्लीपूरला गेले. तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरात इतकी माणसं होती की काकूंशी बोलणं झालंच नव्हतं. या वेळी त्या एकट्या होत्या. चहा ठेवला आणि बॅग न उघडता बाजूला ठेवली.

"काम पुरं झालं काय?"

"थोडं राह्यलं."

"मंग पाठवशीन?"

"पाठवलं अन् त्यायले पटलं, तं नाव लागन."

"कोनाले पटाचं हाय?"

"दूरचे लोक हायेत, काकू. ते आपल्याले ओळखत नाईत."

"नाई ओळखत ते बरंच हाय," काकू म्हणाल्या. "नुसतं काम पाहतीन."

मी चहा प्यायले. मग मला राहवलं नाही. "काकू, प्रणाली ‘कोण’ म्हनाचं असन तं ‘कौन’ म्हने काय कधी?"

"ते तं हिंदी झालं. मायासंगं हिंदी कायले बोलन?" त्यांनी जरा विचार केला. "काऊन म्हने. उठसूट काऊन. भाजीत मीठ कमी काऊन, बस चुकली काऊन. पन तू काऊन इचारून राह्यली?"

मी सगळं सांगितलं. कार्ड, भांडण, दारातली ती ओळ. त्यांना किती समजलं माहीत नाही, पण त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"म्हंजे तिनं कौन लिवलं असन, तं काय होते?"

"तं तिनं मायं म्हननं मान्य केलं, असं होते."

काकू माझ्याकडे पाहत राहिल्या आणि एकदम हसल्या. तू गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. "तिनं? मान्य? अवं पोरी, तिनं डॉक्टरचं मान्य केलं नाई. ताप उतरला म्हने अन् उठून बसे." बोलता बोलता त्या थांबल्या. पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "त्या एका शब्दापायी काम अडलं हाय काय?"

"नाई. काम तं नाई अडलं."

"मंग?"

मी कप विसळून ठेवला आणि निघाले. बसमध्येही ते ‘मंग?’ कानात होतं.

काम खरंच अडलेलं नव्हतं. तो शब्द छापला जात होता, बाकी काही करत नव्हता. कोड पाठवण्याआधी तुझ्या सगळ्या वऱ्हाडी ओळी मला तशाही काढायच्याच होत्या. अडले होते मी.

मी सरांकडे गेले. म्हणाले, प्रणालीचं कोड आहे, मला त्यात बदल करावा लागेल, नाव कोणाचं टाकू? सरांनी नियम काढून दाखवला. ज्यानं लिहिलं त्यानं स्वतः खाली सहीची एक ओळ लिहायची, की हे माझं आहे आणि मी ते देतो आहे. ती दुसऱ्या कोणाला लिहिता येत नाही. मग सर म्हणाले, "तिची पहिली प्रत उघड." उघडली. तू सवयीनं तुझी सहीची ओळ आधीच टाकून ठेवली होतीस, अर्धवट कोडाखाली, स्वतःच्या पूर्ण नावानं.

"सही आहे," सर म्हणाले. "आता लेखक म्हणून तिचं नाव वर राहू दे. खाली तिची सही. तिच्या सहीखाली चौकटी कंसात तुझं नाव आणि तू काय बदललंस ते एका ओळीत. त्याखाली तुझी सही. दुसऱ्याचं काम पुढे नेताना असंच करतात."

"पण तिला हा बदल पटला नसता तर, सर?"

सरांनी चष्मा काढला. ते नेहमी लगेच उत्तर देतात. या वेळी म्हणाले, "ते मला नाही सांगता येणार, शीतल. म्हणून तर कंस आहे. तुझं ते तुझं दिसेल."

मी बदल केला. कार्ड काढलं किंवा बदललं की ती ‘पहिली वेळ’ची खूण पुन्हा लावायची, म्हणजे ड्रायव्हर एकदा बोलेल आणि पुन्हा गप्प होईल. तपासलं. जुनं कार्ड, नवं कार्ड, पुन्हा जुनं. विचारणारा प्रोग्राम सुरूच ठेवला, त्याला उत्तर मिळत राहिलं, आणि लॉगमध्ये बदल तेवढेच आले. प्रणाली, तुझंच बरोबर होतं. विचारणाऱ्याला थांबवायची गरज नव्हती. हे मी मेसमध्ये म्हणायला हवं होतं, ते इथे, सगळ्यांसमोर म्हणते.

मग पाठवायच्या प्रतीतून तुझ्या ओळी काढल्या. ‘आली वो माय’ काढली. ‘इथून गेली’ काढली. दारातली ती ओळ शेवटी. लॅबच्या कॉम्प्युटरवर तुझी मूळ प्रत तशीच ठेवली आहे, ती मी कोणाला पुसू देणार नाही. तरी पाठवायच्या प्रतीतून ती काढताना बोट थांबलं. त्या ओळीचा अर्थ न लावताच मी ती काढत होते. काढली.

पाठवलं. मग काही दिवस काहीच नाही. काकूंचे फोन येत राहिले आणि मी ‘पाठवलं हाय, वाट पाहून राह्यलो’ एवढं नवीन सांगू लागले.

परवा दुपारी काकूंचा फोन नेहमीची वेळ नसताना आला. "तिच्या फोनवर काई तरी आलं वं. इंग्रजीत हाय. सुरुवातीलेच तिचं नाव हाय. कोनी तरी तिले काई इचारून राह्यलं काय?"

मी माझी मेल उघडली. तपासणाऱ्यांपैकी एकाचं उत्तर होतं, आपल्या दोघींना आणि ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांच्या यादीतल्या सगळ्यांना. लेखक म्हणून वर तुझं नाव, म्हणून त्यानं तुलाच विचारलं होतं. ‘प्रणाली, कल्पना चांगली आहे. एक प्रश्न. कार्ड तेच असेल पण त्याच्या कडेची कुलपाची कळ कोणी सरकवली असेल, तर तुझं कोड ते पुन्हा सांगेल का?’

लिहायला बंदी करणारी ती बारीकशी कळ. तू तिचा विचार केला नव्हतास, मीही नाही. तो तुला ‘तू’ म्हणत होता, आणि तू उत्तर देशील याची त्याला खात्री होती. एवढ्या दिवसांत तुझ्याशी असं कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. सगळे ‘होती’ म्हणतात.

काकू फोनवरच होत्या. मी त्यांना प्रश्न समजावून सांगितला.

"त्याले ठाव नाई काय, ती गेली म्हून?"

"नाई, काकू. सांगू काय?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. काकूंनी गॅस बंद केला असावा. मग म्हणाल्या, "सांग. पन आधी त्यानं इचारलं ते सांग. तो तिच्या कामाचं इचारून राह्यला. मंग तिचं सांग."

मी लॅबमध्ये गेले. कार्ड काढलं, कळ सरकवली, पुन्हा घातलं. कळ सरकवायची तर कार्ड बाहेर काढावंच लागतं, आणि काढलं की खूण पुन्हा लागते. लॉगमध्ये ओळ आली: लिहायला बंदी आहे. एकदाच. मी थोडा वेळ थांबून पाहिलं. पुन्हा आली नाही.

उत्तर इंग्रजीत लिहिलं. मला इंग्रजीत लिहायला वेळ लागतो, तुला माहीत आहे. हो, सांगेल, आम्ही तपासून पाहिलं. कसं तपासलं ते लिहिलं. एक ओळ मोकळी सोडली आणि त्याखाली लिहिलं की या कोडाची लेखिका प्रणाली आता नाही, पुढचे प्रश्न मला विचारावेत, मी तिची जोडीदार. ‘आम्ही तपासून पाहिलं’ हे बदलून ‘मी’ करावं का, यावर बराच वेळ गेला. तसंच ठेवलं.

पाठवायच्या आधी वरचे पत्ते एकदा पाहिले. तपासणाऱ्याचा, यादीचा, सरांचा, आणि सगळ्यांत पुढे तुझा. काढायचा की राहू द्यायचा, मला ठरवता येईना. तुझ्यासाठी त्या पत्रात नवीन काही नव्हतं, कळीची ती एक गोष्ट सोडली तर. मी तो राहू दिला.